धाब्यावर राहिलेले गांडूळ

मित्रांनो, जमिनीत जन्मून घराच्या डोक्यावर राहून आलेले मी एक म्हातारे गांडूळ आहे. मला डोळे नाहीत, कान नाहीत. जे कळते ते अंगाला कळते.

खामगावच्या कडेला एका भाजीच्या मळ्यात माझा जन्म झाला. महाराष्ट्र राज्य तेव्हा नुकतेच झाले होते. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जाणाऱ्या शालिग्रामचे घर मळ्याजवळच होते. लाकडांवर माती थापलेले सपाट छत, त्याला इकडे धाबे म्हणतात. पावसाळ्याआधी त्यावर पांढरी खारी माती पसरून चोपायची रीत आहे. तिच्यात गवत उगवत नाही आणि पाणी वरच्या वर वाहून जाते. पण पांढरी माती आणायची लांबून, आणि आभाळ तर भरून आलेले.

“माती ते माती,” म्हणत शालिग्रामने मळ्यातलीच काळी माती वर नेली. एका टोपल्यात मी होतो.

पावसाने धाबे हिरवेगार झाले. गोगलगाई आल्या, मुंग्या आल्या, हात लावताच वेटोळे करणारे वाणी आले. मातीतल्या बीतून दोडक्याचा वेलही वर आला. शालिग्रामची बायको रुक्मिणीबाई शिडी चढून येई आणि त्याला कौतुकाने हात लावी. मी माती पोखरत होतो. मला दुसरे येते काय? मळ्यात याच कामासाठी माझे नाव होते. इथे त्याच भोकांतून पाणी खाली उतरले आणि नेमके चुलीवर ठिबकू लागले.

शेजारच्या पंचफुलाबाई डोकावल्या. “काऊन वं रुक्मिनी, आज धूर दिसत नाही?”

“चूलच इझली न बाई. वरून गळून राह्यलं.”

शालिग्रामने खडेमीठ वर आणले. “हे टाकलं का गवतबी मरते अन् किडेबी.”

एक खडा माझ्याजवळ पडला आणि अंगाची आग झाली. मित्रांनो, मी फार घाबरलो.

“थांबा ना!” रुक्मिणीबाई शिडीवरूनच ओरडली. “माती तुमी चुकीची आनली, त्यात माह्या येलाचा काय गुन्हा? परसात उतरवू ना सारी.”

शालिग्रामने मीठ खाली ठेवले आणि फावडे उचलले.

उघडीप मिळताच काळी माती खाली आली आणि लांबून आणलेली पांढरी माती वर गेली. मागे चिकटून राहिलेले वाणी पांढऱ्या मातीखाली चोपले गेले. वेलाच्या मुळाशी असलेल्या ढेकळातून मी खाली आलो. रुक्मिणीबाईने तो वेल परसात लावला, रोज पाणी घातले. तरी वेल वाळला. जिच्यासाठी सारे केले ती गोष्ट गेली, आणि जे रुक्मिणीबाईला ठाऊकही नव्हते ते वाचले.

पुढल्या वर्षी त्याच जागी तिने नवे बी टोचले. दोडके लागले. ती म्हणाली, “माती मोठी गुनाची आहे!” मी खालीच होतो.

मित्रांनो, आम्ही नको तिथे भेटलो तर जरूर हलवा. फक्त मीठ टाकू नका. उचलताना मूठभर ओली माती सोबत घ्या.