बर्फातले हात

जीवरसायनशास्त्राच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला ऋचा भंगाळेच्या हातांना घाई सुटली. परीक्षानळीत आयोडीन आणि लाळ घातलेलं स्टार्च होतं, गडद निळं. निळा रंग जायला पंधरा मिनिटं लागतील, असं फिरके मॅडम सांगत होत्या. ऋचानं नळी हातात घेतली आणि ती लगेच पाण्यासारखी नितळ झाली. शेजारच्या मुलीनं टाळीसाठी हात पुढे केला, तर टाळी वाजेपर्यंत त्या मुलीची नखं बोटभर वाढली.

मॅडमना काही नवल वाटलं नाही.

"पहिल्या सत्रात प्रत्येकाला काहीतरी होतंच," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी एक मुलगा घड्या पडत पडत वहीएवढा झाला होता. परीक्षेपर्यंत उलगडला. तू एन्झाइम झालीयेस."

"मग आता काय करू?"

"पाठांतर करू नकोस, समजून घे. एन्झाइम फक्त वेग वाढवतं, पुढे जाणाऱ्याचाही आणि मागे फिरणाऱ्याचाही. काय घडायचं, ते ठरवत नाही. आणि घरी जाताना हात बर्फात ठेव. गारठले की गप्प बसतात."

बसमध्ये ऋचा मांडीवर बर्फाचा डबा घेऊन, मनगटापर्यंत हात बुडवून बसली. कंडक्टरनं तिकीट तिच्या दप्तराच्या पट्ट्यात खोचलं.

घरी पप्पा खाटेवर पाय लांब करून बसले होते. तीस वर्षं त्यांनी पायी फिरून टपाल वाटलं होतं. आता शुगरमुळे टाचेची जखम सहा महिने भरत नव्हती. सोमवारी पाऊल कापायचं ठरलं होतं.

ऋचानं त्यांना सगळं सांगितलं. "मी हात लावला, तर जे व्हायचंय ते आत्ताच होईल. जखम भरत असेल तर भरेल. सडत असेल तर..."

"तर सोमवारचं आज," पप्पा म्हणाले. "मॅडम काय म्हणाल्या तुझ्या?"

"समजून घे म्हणाल्या."

"मग घे की."

हात बर्फातच ठेवून तिनं कोपरानं आणि दातांनी बँडेज सोडवलं. आजवर ड्रेसिंगच्या वेळी ती तोंड फिरवायची. आज तिनं नाक जखमेजवळ नेलं. वास होता, पण फुलदाणीतल्या कालच्या पाण्याला येतो तेवढाच. कडेला, पांढऱ्या कातडीच्या आत, दोऱ्याइतकी बारीक गुलाबी रेघ होती. ऋचा बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिली. रेघ आत सरकत होती; नवी कातडी येत होती.

ऋचानं हात बर्फातून काढले. डबा कलंडला, पाणी फरशीभर पसरलं. बोटं कोमट होईपर्यंत ती थांबली आणि मग तिनं टाच ओंजळीत धरली.

गुलाबी रंग दोन्ही बाजूंनी धावत आला आणि मधोमध मिटला.

"भरली, पप्पा!"

पण रंग थांबला नाही. भेगा बुजल्या. तीस वर्षांचे घट्टे लोण्यासारखे विरघळले. बोटं आखडून गोल गोल झाली. पप्पांना गुदगुल्या होऊ लागल्या, ते मोठ्यानं हसले.

"अगं, पुरे आता!"

"थांबवायचं अजून शिकवलं नाही," ऋचा म्हणाली. "ते दुसऱ्या सत्राला आहे."

तिनं हात मागे घेतले. पप्पा खाटेवरून उतरले, तिच्या खांद्याला धरून उभे राहिले आणि दाराकडे पहिलं पाऊल टाकलं. ओल्या फरशीवर ठसा उमटला, वर्षभराच्या बाळाच्या पावलाएवढा.