मासळी बाजाराचा ठराव

दीर अब्दुलचा शब्द पाळायचा म्हणूनच आसिया निवडणूक लढवून नगरपालिकेत आली होती. नवरा गेल्यावर तिचं आणि मुलींचं घर अब्दुलच्या कापडदुकानावर चालत होतं. बायकांच्या राखीव जागेवर तिला उभं त्यानंच केलं.

पनवेलच्या बाजारात अब्दुलच्या दुकानासमोरच कोळणी बसत. मासळी बाजार गावाबाहेर खाडीकडे हलवायचा ठराव सोमवारच्या सभेत येणार होता.

"भाभी, फक्त हात वर करायचा," तो म्हणाला. "बोलायची गरज नाही."

सभेच्या दिवशी सकाळी रंभा कोळीण दोघीतिघींना घेऊन आसियाच्या मागच्या दारी आली.

"आमी सभेत येऊन बोलू?"

"बसायला येईल, बोलायला नाही," आसिया म्हणाली. "तुमच्या वतीनं सदस्यानं बोलावं लागतं."

"मंग आमचा सदस्य कोन हाय?"

बाजाराच्या वॉर्डातून आसियाच निवडून आली होती.

दुपारी सभागृहाच्या मागच्या बाकांवर कोळणी दाटीवाटीनं बसल्या. दाराशी अब्दुल उभा होता. ठराव वाचला गेला, अनुमोदन मिळालं.

"तिथं रस्ता नाय, दिवा नाय, गिऱ्हाईक कसा येल?" रंभा ताडकन उठून ओरडली.

अध्यक्षांनी टेबलावर हात आपटला. "खाली बसा! पुन्हा आवाज आला तर सगळ्यांना बाहेर काढावं लागेल."

रंभा बसली, पण नजर आसियावरच ठेवून.

"ठराव मताला टाकतो," अध्यक्ष म्हणाले.

आसिया उभी राहिली. मागे वळून अब्दुलकडे बघायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं.

"माझी उपसूचना आहे. आधी बाजारात बसणाऱ्यांच्या हरकती मागवाव्यात, त्यांची सुनावणी घ्यावी. निर्णय त्यानंतर."

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "अनुमोदन?"

कोणी बोलेना. अनुमोदक नसला तर उपसूचना तिथंच पडणार होती. आसियानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. शेजारचा सदस्य मान खाली घालून अंगठीशी चाळा करत होता.

"अनुमोदन नसेल तर..."

"माझं हाय," कोपऱ्यातून सदस्य काशीराम म्हणाला. मिठागरवाला काशीराम आसियाच्या नवऱ्याशी जन्मभर भांडला होता. "बाईचा बरोबर हाय. ज्यांना उठवायचा त्यांना इचारा तरी."

हात वर झाले. उपसूचना एका मताच्या फरकानं मंजूर झाली.

बाहेर अब्दुल जिन्याशी थांबला होता. "आजपासून दुकानातून तुमच्या घरी काही येणार नाही," तो शांतपणे म्हणाला आणि निघून गेला.

आसिया कठडा धरून तशीच उभी राहिली. आपण हे काय करून बसलो, ते तिला आत्ता कुठं कळत होतं. मुलींची शाळा डोळ्यांपुढे आली. तेवढ्यात कोळणी जिना उतरून आल्या. तिला वाटलं, आता या पायाबिया पडतील. पण रंभानं टोपली कमरेवर घेतली आणि रोखठोक विचारलं,

"सुनावनीला आमाला बोलाया देतील ना? का तवाबी गप बसायचा?"

"तेव्हा बोलायचंच," आसिया म्हणाली. "एकेकीनं. न ओरडता."

"मंग चला, बसा इथं," रंभा पायरीवर बसत म्हणाली. "काय काय बोलायचा ता आताच ठरवू."

आसियानं पदर सावरला आणि तिच्या शेजारी बसली.