खळीत बसवलेलं संत्रं

आमच्या घरात पिरॅमिड हा शब्द रोज उठता-बसता ऐकू येतो, आणि त्याचा वाळवंटाशी, उंटांशी किंवा मेलेल्या राजांशी काडीचाही संबंध नसतो.

सासूबाईंचा पिरॅमिड संत्र्यांचा. आमचं फळांचं दुकान आहे, खाली दुकान आणि वर आम्ही. सकाळी शटर वर गेलं की सासूबाई दाराशेजारच्या फळीवर लाकडी चौकट ठेवतात. चौकटीत संत्र्यांचा पहिला थर घट्ट बसवतात, कडेला फट राहिली तर कागदाचा बोळा कोंबतात. दुसरा थर असा लावायचा की प्रत्येक संत्रं खालच्या चौघांच्या मधल्या खळीत बसलं पाहिजे. थेट डोक्यावर कधीच नाही. मग तिसरा थर, चौथा, आणि शेंड्याला एक देखणं संत्रं, त्याची चांगली बाजू रस्त्याकडे. मग दोन पावलं मागे जाऊन, कमरेवर हात ठेवून त्या आपल्या कामाकडे बघतात.

नणंदेचा पिरॅमिड तांब्याचा. तिनं कुठल्याशा शिबिरातून तळहाताएवढे चार आणले आणि एक माझ्या मुलीच्या पलंगाखाली ठेवला. "राहू दे गं तिथं," ती म्हणाली, "ऊर्जा वर चढते. जीभ मोकळी होईल पोरीची." मी पदवीधर बाई, मला हसू आलं. पण तो पिरॅमिड काढायची हिंमत मात्र झाली नाही. केर काढताना मी तो उचलते, पुसते आणि पुन्हा जागच्या जागी ठेवते.

माझा पिरॅमिड कागदावरचा. कॉलेजात मी लोकसंख्येचा अभ्यास केला. डावीकडे पुरुष, उजवीकडे बायका, तळाला पोरंटोरं आणि वर म्हातारे. लग्नानंतर एकदा मी हौसेनं तो सासूबाईंना काढून दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट पाहिला.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तुझ्या पिरॅमिडात जो वर पोचतो तो मरतो. माझ्यात वरचा आधी विकला जातो."

असं आमचं घर. बडबडं. प्रत्येकाला दुसऱ्याचं वाक्य तोडायची घाई. आणि या घरात माझी मुलगी पावणेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती.

अगदीच नाही असं नाही. 'ना' म्हणायची, आणि भूक लागली की 'मम'. बाकी सगळा कारभार बोट दाखवून. नवऱ्यानं तिचं लाडाचं नाव 'गुपचूप' ठेवलं होतं. पहिल्या वाढदिवशी त्या नावाला सगळे हसले. दुसऱ्याला जरा कमी. हल्ली तर 'गुपचूप' म्हणता म्हणता तो मधेच खोकतो.

वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. त्यांचा मुलगा आमच्या पोरीपेक्षा महिन्याभरानं लहान. परवा तो जिन्यात उभा राहून मला म्हणाला, "काकू, तुमचा नळ चालू राहिलाय." मी नळ बंद केला आणि न्हाणीघरातच बसून रडले. नळासाठी नाही.

मी काय करायचं बाकी ठेवलं होतं? चित्रांची पुस्तकं आणली. बटण दाबलं की बोलणारी बाहुली आणली. प्राण्यांचे आवाज काढणारी गाडी आणली. नवरा म्हणाला, "अगं, ठोकळेबिकळे तरी आण एखादे, आम्ही लहानपणी तेच खेळलो." मी म्हटलं, "ठोकळे कुठं बोलतात?" गुपचूपनं बोलणारी बाहुली एकदा ऐकली, उताणी केली, पाठीतलं झाकण शोधून बॅटरी बाहेर काढली आणि दुकानात पळाली. दिवसभर ती तिथेच असायची, आजीच्या पायाशी, डाग पडलेल्या लिंबांची टोपली पुढ्यात घेऊन. बाहेरून शांत आणि आतून कशात तरी गुंतलेली.

बालवर्गात घालायच्या आधी आरोग्य केंद्रात मुलांची तपासणी होते. तिथल्या बाई जे लिहितील त्यावर ठरतं: मूल गल्लीतल्या पोरांबरोबर जवळच्या बालवर्गात जाणार, की शहराच्या त्या टोकाला असलेल्या वेगळ्या शाळेत. त्या शाळेबद्दल मी वाईट ऐकलेलं नव्हतं. पण पावणेतीन वर्षांच्या पोरीनं रोज एवढा प्रवास करायचा, आणि तिला तहान लागली हे तिच्या बोटावरून ओळखणारं तिथं कोणी नसायचं, हा विचार काही माझ्या डोक्यातून जात नव्हता.

तपासणीच्या दिवशी नवरा टेम्पो घेऊन मंडईत गेला होता. निघताना सासूबाईंनी पोरीची वेणी सरळ केली आणि मला म्हणाल्या, "हे बघ, तिच्या आधी तू उत्तरं देऊ नकोस. तुला सवय आहे."

"मी कुठं देते?"

"बघ, आत्ताच दिलंस."

केंद्रातली खोली लहान आणि स्वच्छ होती. बुटकं टेबल, बुटक्या खुर्च्या, भिंतीवर आहाराचा पिरॅमिड. तळाला धान्यं, त्यावर भाज्या आणि फळं, शेंड्याला तेल-साखर. फळांच्या थरात नेमकं एक संत्रं काढलेलं होतं. गुपचूपनं ते लगेच हेरलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू नात्यातलं कोणी भेटलं.

तपासणीच्या बाई चाळिशीच्या, आवाजानं मऊ, हातानं झपाझप. त्यांनी चित्रं मांडली. "कुत्रा कुठाय?" बोट बरोबर गेलं. "चमचा?" बरोबर. "हे काय आहे, सांगशील?" तोंड बंद. "हे?" तोंड बंद. माझ्या ओठांवर 'बूट' आला होता, तो मी गिळला. सासूबाईंनी बजावलं नसतं तर त्या दिवशी मीच सगळ्या परीक्षेत पहिली आले असते.

मग त्यांनी काठीत अडकवायच्या रंगीत रिंगा पुढे केल्या. "हा आमचा पिरॅमिड," त्या हसून म्हणाल्या. मोठी रिंग खाली, लहान वर. गुपचूपनं तो चुटकीसरशी लावला आणि बाजूला सारला, जणू काही, यात काय मोठंसं! माझा जीव जरा भांड्यात पडला.

मग ठोकळे आले. खोक्याचं झाकण काढून बाईंनी ते टेबलावर ओतले. "मला उंच मनोरा करून दाखव. असा." एकावर एक, एकावर एक. मग मोडून त्यांनी ठोकळे तिच्यापुढे सरकवले.

गुपचूपनं दोन ठोकळे शेजारी ठेवले. मधे बोटभर फट. आणि थांबली.

"त्याच्यावर ठेव," बाईंनी पुन्हा करून दाखवलं. गुपचूपनं वरचा ठोकळा उचलून खाली ठेवला. कपाळाला आठी. बाईंनी तिसऱ्यांदा दाखवलं. तिनं तिसऱ्यांदा काढला. मग स्वतःचे दोन ठोकळे घेतले, मधली फट बोटानं मोजल्यासारखी केली आणि त्या फटीवर तिसरा ठोकळा टेकवला. त्याच्यावर चौथा ठेवायला मात्र ती तयारच होईना. बाईंनी हातात दिला, तिनं तो परत केला. "ना."

बाईंनी कागदावर लिहिलं. उलटी अक्षरं वाचण्यात मी पटाईत आहे, दवाखान्यांच्या वाऱ्या करून करून. 'मनोरा रचत नाही. सूचना कळत नाही?'

ते प्रश्नचिन्ह पाहिलं आणि माझे कान तापले. बोलत नाही, हे मला मान्य होतं. पण कळत नाही? मी टेबलाकडे पाहिलं. दोन ठोकळे, मधे फट, फटीवर तिसरा. हे मी रोज दुकानात बघते, संत्र्यांच्या पिरॅमिडात. दिवसातून दहादा त्याच्या शेजारून जिना चढते-उतरते. माझ्या पोरीला मनोरा जमत नव्हता असं नाही. एकाच्या थेट डोक्यावर दुसरं ठेवणं ही तिच्या दृष्टीनं चूक होती, आणि एवढ्या मोठ्या बाई तीच चूक पुन्हा पुन्हा करत होत्या. ती बिचारी तीनदा दुरुस्त करून दमली होती.

"मॅडम," मी म्हटलं. मी खुर्ची पुढे ओढली. "मॅडम, तुमच्याकडे गोल काही आहे का? चेंडूबिंडू?"

"चाचणी ठोकळ्यांचीच असते."

"नोंद तुम्ही ठोकळ्यांचीच करा. मी खोडा म्हणत नाही. पण आमचं फळांचं दुकान आहे. तिनं जन्मात सपाट काही रचलेलं पाहिलं नाहीये. एकदा गोल द्या तिला."

बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग कपाटातून प्लास्टिकच्या छोट्या चेंडूंची पिशवी काढली. "रंग ओळखायला ठेवलेत," म्हणाल्या आणि टेबलावर ओतले.

अर्थात ते टेबलावर राहिले नाहीत. चहूकडे पळाले. गुपचूप खुर्चीवरून उतरली, फ्रॉकचा ओचा केला आणि एकेक गोळा करत सुटली. कपाटाखालचा एक हात घालून काढला. बाई उठायला लागल्या तर मीच त्यांना म्हटलं, "राहू दे." माझ्या तोंडून 'राहू दे'! सासूबाईंनी ऐकलं असतं तर कॅलेंडरवर खूण केली असती.

परत येऊन तिनं टेबल न्याहाळलं. ठोकळ्यांच्या खोक्याचं झाकण पालथं पडलं होतं. तिनं ते उलटलं. झाली चौकट. त्यात तिनं तीन-तीनच्या ओळी लावल्या, पण झाकण मोठं होतं, चेंडू सरकू लागले. ती इकडेतिकडे बघायला लागली. मला कळलं ती काय शोधतेय. पर्समध्ये रुमाल होता, तो काढून द्यायला माझा हात शिवशिवत होता. मी तो हात मांडीखाली दाबून ठेवला.

तिनं ठोकळे उचलले. तेच, मनोऱ्याचे. एकेक करून ते कडेच्या फटीत कोंबले. चेंडू हलायचे थांबले.

"अरेच्चा," बाई म्हणाल्या. एवढंच.

दुसरा थर लावताना तिनं एक चेंडू अंगठ्यानं दाबून पाहिला. तो एका बाजूनं चेपलेला होता. तिनं तो बाईंच्या हातात दिला.

"हा मला का?"

"दबलेला माल वेगळा काढतात आमच्याकडे," मी म्हटलं. "तुम्हाला स्वस्तात मिळेल."

बाई मोठ्यानं हसल्या. गुपचूप हसली नाही, तिला काम होतं. चार चेंडू चार खळ्यांत. मग शेवटचा, पिवळा. तो तिनं शेंड्यावर ठेवला आणि जरासा फिरवून त्याच्यावरचा ओरखडा मागच्या बाजूला नेला. दोन पावलं मागे गेली. हात कमरेवर.

अख्ख्या खोलीत कोणी बोललं नाही. आणि मला त्या शांततेची, आयुष्यात पहिल्यांदा, भीती वाटली नाही. छाती अशी भरून आली की ब्लाऊजची बटणं तुटतील की काय असं झालं. हे मी शिकवलं नव्हतं. कोणीच शिकवलं नव्हतं. दीड वर्ष ती टोपलीशेजारी बसून बघत होती, आणि मी वेड्यासारखी फक्त तिच्या तोंडाकडे बघत बसले होते.

बाईंनी ते प्रश्नचिन्ह असलेलं वाक्य खोडलं. शेजारी बराच वेळ काहीतरी लिहिलं. या वेळी मी उलटं वाचलं नाही.

"ताई, स्पष्ट सांगते," त्यांनी पेन ठेवलं. "बोलणं मागे आहे. ते नाही असं मी म्हणणार नाही. आठवड्यातून एकदा वाचा-शिक्षिकेकडे यावं लागेल, आणि टाळाटाळ करायची नाही. पण समज उत्तम आहे. बालवर्ग जवळचाच."

"जवळचाच?"

"जवळचाच. बोलण्याचाही आम्ही पिरॅमिड सांगतो. तळाला ऐकणं आणि बघणं, मग समजणं, आणि बोलणं पार शेंड्याला. हिचा तळ भक्कम आहे. वरचं काम आपण करू."

काल कुणी माझ्यापुढे वाचा-शिक्षिकेचं नाव जरी काढलं असतं तरी मी रडून गोंधळ घातला असता. आज मी विचारलं, "कुठला वार?" आणि मिळालेला वार फोनमध्ये घातला.

निघताना एक अडचण झाली. गुपचूप पिरॅमिड सोडून यायला तयार नव्हती. बाईंनीच तोडगा काढला. झाकणासकट तो उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. "संध्याकाळपर्यंत कोणाला हात लावू देणार नाही," त्यांनी तिला सांगितलं, अगदी मोठ्या माणसाला सांगावं तसं. तिनं मान हलवली आणि माझं बोट धरलं.

बाहेरच्या बाकावर एक बाई बसली होती. मांडीवर मुलगा, तो सलग काहीतरी गाणं म्हणत होता. आमच्याकडे बघून तिनं सहज विचारलं, आया विचारतात तसं, "तुमची काय काय बोलते?"

हा प्रश्न आला की मी नेहमी सांगायची, समजतं हो तिला सगळं, लाजते जरा, घरी बोलते. खोटं. त्या दिवशी मी पोरीला कडेवर घेतलं.

"बोलत नाही अजून," मी म्हटलं. "रचते."

"काय रचते?"

मी तिच्या शेजारी बसले आणि सांगायला लागले. झाकणाचं सांगितलं, ठोकळ्यांचं, दबलेल्या चेंडूचं. तिनं जे विचारलं नव्हतं तेही सांगितलं. तिच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं तरी ती उठेना, कारण मी अजून शेंड्यापर्यंत पोचले नव्हते.