परतल्याचा बोळ

"हा एक बोळ राहिला की गं तुझा," शेजारची म्हातारी बेल एल्स्पेटच्या कागदावर बोट आपटत म्हणाली. "का, शाई संपली?"

एल्स्पेटने चहाची किटली उचलली आणि तशीच खाली ठेवली. गावातल्या बोळांची जुनी, लोकांच्या तोंडची नावं टिपायचं काम नगरपालिकेने तिच्यावर सोपवलं होतं. त्यांच्या पाट्या लागणार होत्या. बंदरावरची निम्मी माणसं मेअर या एकाच आडनावाची. मग घराघराला टोपणनाव, आणि तेच बोळाचं नाव. फक्त स्वतःच्या बोळापुढे तिने नकाशावरचं 'किनारा बोळ' लिहिलं होतं.

"तेच खरं नाव आहे."

"कुणाचं खरं? अख्खं गाव 'परतल्याचा बोळ' म्हणतं!"

परतला तो एल्स्पेटचा बाप. वादळात होडी उलटली, बरोबरचे सगळे गेले, त्याला एकट्याला लाटेने काठावर आणून टाकलं. देवाने तारलेल्या माणसाला गावाने कधी बोल लावला नाही. नुसतं हे नाव दिलं. चर्चमध्ये तो मरेपर्यंत शेवटच्या बाकावर बसला. स्तोत्र सुरू झालं की त्याचे ओठ मिटत.

"आता तरी सुटू दे त्याला, बेल. जिवंतपणी काय कमी भोगलं त्याने?"

बेलने कप बाजूला सारला. तिचा आवाज खाली आला.

"माझा बाप त्याच होडीत होता, एल्सी. ना देह मिळाला, ना थडगं झालं. पोरं विचारतात, परतला तो कोण? मग आपसूक विचारतात, न परतलेले कोण? तेवढ्यापुरता माझा बाप कुणाच्या तोंडी येतो. तू तेवढंही पुसायला निघालीस?"

रविवारी एल्स्पेट प्रार्थनेला गुडघे टेकून बसली. बापासाठी रोज मागायची ती क्षमा त्या दिवशी ओठांवर आलीच नाही. सोमवारी तिने 'किनारा बोळ' खोडलं आणि वर ठळक अक्षरांत दुसरं नाव लिहिलं.

पाटी लावायला आलेल्या माणसाने शिडी टेकवली. "बाई, तुमच्या चौकटीच्या वर लावतो."

"नको. इथे, खाली लाव."

"इतक्या खाली? पाटी आहे की पायपुसणं?"

"बेलची पाठ वाकलीय रे. तिचा हात पोचायला हवा."

दुपारी बेल आली. भिंतीला धरून उभी राहिली आणि एकेका अक्षरावरून बोट फिरवत राहिली. एल्स्पेट पडद्याआडून बघत होती. चहा तयार होता. पण दार काही तिच्याने उघडवलं नाही.