फळी लागली

माझी होडी सागवानी, शिडाची आणि वयानं जवळजवळ माझ्याएवढी. तिच्या तळाचा कणा पाण्यात खोल उतरलेला होता. धरणात दरसाल गाळ साचत गेला, तशी ती उन्हाळ्यात जागोजागी रुतायला लागली. शेवटी कुरवंड्याच्या मारुती सुतारानं कणा कापला, तिच्या पोटात फट पाडली आणि दोरीनं वरखाली होणारी एक फळी तिथं बसवली. मला तर धोतर नेसणाऱ्या माणसाला बर्मुडा घातल्यासारखं वाटलं. पण फळी वर ओढली की होडी आता मांडीभर पाण्यातही जायची.

होडी सांभाळणारे रखमाजी मात्र खूश. त्यांचं गाव याच पाण्याखाली गेलेलं. उन्हाळ्यात एका जागी फळी जुन्या देवळाच्या जोत्याला लागायची, ठक्‌ आवाज व्हायचा आणि हे हात जोडायचे. "देवी हाय सायेब." मी म्हणायचो, "फळी फुटली तर तुमची देवी नवी देणार का?"

यंदा त्यांच्या नातीचं, कोमलचं लग्न ठरलं आणि त्यांची बायको शालूबाई माझ्या दारात आल्या.

"भाऊ, पयली अक्षत देवीला द्यायची हाय. लेकीच्या लग्नात नव्या देवळात ठिवली, मूळ जागा पाण्यात म्हनून. कोमल पोटात आसताना जावई गेला. ह्या पोरीचं तसं नगं व्हायला."

असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण त्या बाई दारातून हलेनात. माझ्यानं नाही म्हणवलं नाही.

दुपारी घाटाकडचा वारा सुटल्यावर निघालो. शालूबाई पुढे तोंड करून बसल्या, मुठीत अक्षता घट्ट धरून. त्यांच्या पाठीमागे रखमाजी फळीच्या दोरीपाशी आणि सुकाणूवर मी.

जागा आली. रखमाजींनी काठावरच्या खुणा ताडून पाहिल्या आणि फळी सोडली. आवाज नाही. मऊ भातात बोट रुतावं तशी फळी गाळात गेली. वळून पुन्हा आलो, तेच. परत फिरलो, तेच. गेल्या पावसाळ्यातल्या गाळानं देऊळ जोत्यासकट पुरलं होतं. ज्या गाळापायी मी होडी कापून घेतली, त्याच गाळानं.

"लागली का वो?" शालूबाईंनी पुढे बघतच विचारलं.

रखमाजींनी माझ्याकडे पाहिलं. इतका केविलवाणा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मग त्यांनी मूठ आवळली आणि होडीच्या लाकडावर हाणली. ठक्‌!

"लागली गं! सोड अक्षत!"

शालूबाईंनी अक्षता सोडल्या. पिवळे तांदूळ गढूळ पाण्यात दिसेनासे झाले. त्या बराच वेळ हात जोडून बसल्या होत्या. इतकी वर्षं चेष्टा केलेल्या त्या ठक्‌साठी मी मनातल्या मनात हात जोडत होतो.

काठाला लागल्यावर रखमाजी दोर बांधायला गेले. शालूबाई माझ्याजवळ आल्या.

"भाऊ, ह्यांच्या हाताला लय लागलंय का?"

मी दोर बांधणाऱ्या रखमाजींकडे पाहिलं.

"मला कळलं, हे त्यांना बोलू नगा. त्येवढंच समाधान हाय त्यांना." हाताला लागलेली हळद त्या पदराला पुसत राहिल्या. "पर आता माज्या कोमलचं कसं व्हायचं वो?"