मिर्सिनीचं हसू

भाचीची सोयरीक जुळली तर कालिरोईच्या पदरात बरंच काही पडणार होतं: मुलाकडच्या तेलघाण्यावर रांगेशिवाय पहिली पाळी, चर्चमध्ये पुढची खुर्ची, आणि गावातल्या बायकांच्या तोंडी 'कालिरोईमुळे जमलं' हे वाक्य. या वाक्यासाठी ती बाकीचं सोडायलाही तयार होती, यावरून तिचा हिशेब कळावा.

आड येत होतं ते वहिनीचं, म्हणजे भाचीच्या आईचं, मिर्सिनीचं दुखणं. ग्रीसमधल्या आमच्या लेस्व्होस बेटावर त्या रोगाचं नाव घेत नाहीत. 'ते वाईट दुखणं' म्हणतात, तेही आवाज उतरवून. ज्या घरात ते शिरतं, त्या घरची मुलगी कोणी करत नाही. म्हणून मिर्सिनी सलाईनमधून औषध घ्यायला शहरात गेली, की कालिरोई गावात सांगे, वहिनीच्या दातांचं काम चाललंय.

"दात आहेत तरी किती बाईला?" बेकरीवाली विचारायची.

त्या सलाईननंतर मिर्सिनीच्या पोटात पाण्याचा घोटही ठरत नसे. तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कॅप्सूल लिहून दिल्या. गांजात असतं तशाच धर्तीचं द्रव्य, पण कारखान्यात तयार केलेलं, रीतसर औषध. "उलटी थांबेल. थोडं गरगरेल, कधी उगाच हसूही येईल. घाबरू नका," त्या म्हणाल्या.

हसू आलं ते नेमकं चर्चमध्ये. नवऱ्याच्या काकांच्या श्राद्धाला उकडलेल्या गव्हाचा प्रसाद वाटला, त्यातला एक दाणा पाद्रीबाबांच्या दाढीत अडकलेला मिर्सिनीला दिसला आणि ती फुटलीच. खांबाला टेकून, डोळ्यांतून पाणी येईतो हसली. मग तिनं दोन वाट्या गहू खाल्ले. कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिनं पोटभर खाल्लं होतं.

घरी येताच कालिरोईनं औषधाच्या डबीतला कागद वाचला.

"दादा, गांजा खाते तुझी बायको!"

"वन्सं, औषध आहे ते," मिर्सिनी म्हणाली.

"हे मुलाच्या आईला सांग! तिचा दीर पोलिसात आहे."

"आत्या, आई आज जेवली," लेक आर्गिरो म्हणाली. "तेवढं तरी बघ ना."

"तू गप्प बस. तुझ्याचसाठी मरतेय मी."

मरत दुसरंच कोणी होतं, पण तसं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती.

मिर्सिनीचा नवरा स्त्रातिस वाईट माणूस नव्हता. भित्रा होता. आणि भित्र्याच्या हातून वाईट काम फार शांतपणे होतं. त्यानं कॅप्सूल शेगडीत टाकल्या. "साखरपुडा होऊ दे. मग नव्या आणू."

आर्गिरो डॉक्टरीणबाईंना फोन लावायला उठली. मिर्सिनीनं तिचा हात धरला. "राहू दे गं. तुझं होऊ दे आधी."

उलट्या परत सुरू झाल्या. पुढच्या सलाईनच्या दिवशी मिर्सिनीनं कोट घातला, आणि काढून ठेवला. "नको. ती मळमळ परत नको." साखरपुड्याला ती गालांना रंग लावून बसली, जेवणाचा वास आला की रुमाल तोंडाशी नेत होती. पाहुण्यांनी तिच्या लाजाळूपणाचं कौतुक केलं. झाडांवरची ऑलिव्ह झोडून पाडायचा हंगाम सुरू व्हायच्या आत ती गेली.

दफनानंतर कडू कॉफी फिरली. मुलाची आई एलेंगो आर्गिरोशेजारी येऊन टेकली.

"कशानं गेली गं?"

"कॅन्सरनं." आर्गिरो इतक्या मोठ्यानं म्हणाली की कपबशा थांबल्या. "उलटी थांबवणारं औषध होतं. आम्ही जाळलं. तुम्हाला कळू नये म्हणून."

एलेंगोनं कप खाली ठेवला. "माझी बहीण त्याच औषधावर दोन घास खायची," ती कुजबुजली. "आम्हीही लपवलं. सोयरीक मोडेल म्हणून."

"हळू नका बोलू, सासूबाई. सगळ्यांना ऐकू दे."

लग्न झालं. कालिरोईला घाण्यावर पहिली पाळी मिळाली, पुढची खुर्चीही मिळाली. गावात कोणाचं 'दातांचं काम' निघालं की आर्गिरो त्या घरी जाते आणि रोगाचं खरं नाव घेते. काही दारं तिच्या तोंडावर आपटतात, एखादं उघडतं.

बाकी हिशेब सरळ आहे. लपवलं दोन्ही घरांनी. भरलं मात्र मिर्सिनीनं, जिला या सगळ्या व्यवहारात दोन वाट्या गव्हांपलीकडे काही मिळालं नव्हतं.