दयाचा इलाज ठरला तेव्हा

मॅट्रिकच्या परीक्षेपासून सतरा वर्षांच्या दयाच्या छातीत सारखं धडधडायचं. ती घराबाहेर पडेना, जेवेना. शेवटी तिचे वडील शांतवन मास्तर तिला श्रीरामपूरच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी सोबत आलेल्या तिच्या आईला, लिडियालाही, आत बसवून घेतलं.

"गोळ्या मी देईन, पण बाकीचं आपण चौघांनी ठरवायचं," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी लगेच खिशातून वेळापत्रक काढलं. पाचला उठणं, प्रार्थना, अभ्यास. बाईंनी तो कागद दयापुढे सरकवला. "यातलं तुला काय जमेल?"

दयाने कागद बाजूला सारला. मग म्हणाली, "पपा, तुम्ही रोज विचारता, बरं वाटतंय का. नाही म्हटलं की तुमचा चेहरा उतरतो. म्हणून मी खोटंच हो म्हणते."

लिडियाने डोळ्यांना पदर लावला. मास्तरांनी कागद उचलून परत खिशात ठेवला. "मग मी काय करू, बाळ?"

"संध्याकाळी माझ्याबरोबर कालव्यापर्यंत चला. काही विचारू नका."

बाईंनी गोळ्यांच्या नावांखाली तेवढंच लिहून दिलं.

बापलेक रोज चालू लागले. मास्तर ओठांवर आलेले प्रश्न गिळत. सहाव्या दिवशी कालव्याच्या कडेला बसून दया आपणहून परीक्षेच्या दिवसाबद्दल सांगू लागली. अंधार पडेपर्यंत मास्तर नुसते ऐकत राहिले.